रेघेच्या अलीकडे

कणकवली,
२० मार्च १९६०

ती. कोंडीरामकाकांना बकुळाचा नमस्कार.

बाबांच्या दिवसांना तुम्ही मुंबईहून धावत आलात आणि दुसऱ्याच दिवशी मिलची पाळी म्हणून निघालात. लालबागच्या एका खोलीत बाबांच्या शेजारी वळकटी टाकून इतकी वर्षे काढलेला माणूस घरी आला आणि मी त्याच्याशी धड चार शब्द बोलले नाही, ही रुखरुख आहेच. पण आज लिहिते आहे ते वेगळ्या कारणाने.

इथल्या व्यायाम मंडळाने नदीकाठच्या पटांगणाला बाबांचे नाव द्यायचे ठरवले. एक मेला महाराष्ट्र राज्य होणार, त्याच दिवशी पाटी लावायची. गावात कुणाला नवल वाटले नाही. मुंबई सोडून आल्यापासून बाबा घरी कमी आणि त्या पटांगणावर जास्त असत. हुतूतू त्यांचा जीव की प्राण, पण आट्यापाट्या, लगोरी, विटीदांडू, त्यांना काहीही चालायचे. दोन पोरे भांडताना दिसली की हे पंच म्हणून मध्ये उभे. हॉटेलातल्या रेडिओवर क्रिकेटची कॉमेंट्री लागली की इंग्रजीचा शब्द न कळता दुपारभर ऐकायचे आणि घरी येऊन आईला सांगायचे, "आज आपली माणसा दमली हत. आवाजावरसून कळता." मुलींना हुतूतू शिकवणारा तर पंचक्रोशीत हा एकच माणूस. आमच्या शाळेतल्या मुली अजून त्यांची नक्कल करतात, "पदर खोचा आणि रेघ ओलांडा, पलीकडे वाघ नाय."

परवाच्या सभेत मात्र कापडदुकानवाले सीताराम पेडणेकर उभे राहिले. म्हणाले, "छप्पनच्या जानेवारीत, दंग्याच्या दिवसांत, मी लालबागला भावाकडे होतो. इकडे लोक, तिकडे पोलीस. दौलत लाड एकटाच पोलिसांकडे गेला. एका हवालदाराने त्याला मिठी मारली आणि हा सुखरूप परत आला. थोड्या वेळाने माझ्या भाच्याचे डोके फुटले. पोलीस कुणाला मिठ्या मारतात ते मी सांगायला नको."

काका, पेडणेकरांचा बाबांवर राग होता हे सगळ्यांना ठाऊक आहे. गेल्या शिमग्याच्या सामन्यात त्यांच्या मुलाने चढाईवर आलेल्या गड्याला उचलून धरले, पण धरताना मुलाचा एक पाय कडेच्या रेघेबाहेर होता. बाबांनी निकाल दिला की रेघेबाहेर गेलेल्याने धरले तर ते धरणेच नव्हे, चढाईवाला सुटला. पेडणेकरांचा संघ हरला आणि त्यांनी बाबांना ओळख देणे बंद केले. पण राग आहे म्हणून माणूस खोटेच बोलतो असे थोडेच आहे? मंडळाने मला सांगितले आहे, त्या दिवशी तिथे असलेल्या कुणाचे तरी पत्र आण, मग पाटीचे बघू. तुम्ही तिथे होतात ना?

आणखी एक विचारते. बाबा पुष्कळदा म्हणायचे, "शेवटच्या चढाईत मी बाद होतो, बकुळा. परतताना रेघेच्या अलीकडेच दम तुटला. पंच नव्हते म्हणून कुणाला कळलं नाही." हा कुठला सामना? बाबा त्यानंतर कधी खेळले नाहीत, नुसते पंचगिरी करत राहिले. आईलाही माहीत नाही.

आपली,
बकुळा

०००

लालबाग, मुंबई
२९ मार्च १९६०

चि. बकुळास, पुष्कळ आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून माझं डोकं असं तापलं की सुंदराबाईच्या खाणावळीत आमटी सांडली आणि वर तिच्या शिव्या खाल्ल्या. त्या पेडणेकराला म्हणावं, कापड मोजताना गजाला बोट लावून मोजतोस तसं दुसऱ्याच्या अब्रूला लावू नकोस. दौलत आणि पोलिसांचा माणूस? अगं, हा माणूस सामन्यात खोटं बोलायचा नाही, तिथे बाकीचं काय सांगू!

तो मिलमध्ये कापूस पिंजायच्या खात्यात होता. दिवसभर नाकातोंडात कापूस जायचा. संध्याकाळी आम्ही खोलीवर पाय पसरायचो आणि हा लंगोट घेऊन मैदानाकडे. सख्ख्या भावाच्या लग्नाला उशिरा पोचला, कारण परळला अंतिम सामना होता. अंतरपाट दूर झाल्यावर मांडवात शिरला तो गुडघे फुटलेले आणि हातात ढाल. भावाने वर्षभर अबोला धरला होता.

आता तू विचारतेस तो शेवटचा सामना. इथे माझी मती गुंग झाली. दौलतचा शेवटचा सामना पंचावन्नच्या दिवाळीनंतर दादरला झाला, पोलिसांच्या संघाशी. त्यात त्याचा दम कुठेही तुटला नाही. उलट आपण जिंकलो! पंचही होते, चांगले दोन-दोन. त्यांच्यातल्या एका उंच गड्याला दौलतचा हात लागला तो पंचांनी पाहिलाच नव्हता. पण त्या गड्याने आपला आपण हात वर केला आणि तो रेघेबाहेर जाऊन बसला. खोलीवर आल्यावर दौलत स्वतःच्या चढाया विसरून त्याचंच कौतुक करत होता. "कोंडीराम, असो गडी समोर असलो तर हरलंय तरी चालात." आम्ही त्याला गप्प करण्यासाठी दिवा मालवला, तरी अंधारात चालूच.

तेव्हा बाद कुठे झाला, दम कुठे तुटला, देव जाणे. तुझी ऐकण्यात काही गफलत तर झाली नाही ना?

त्या दिवसाचं म्हणशील तर रस्त्यावर नुसता गोंधळ होता. धूर, दगड, पळापळ. अशा वेळी कोण कुठे होतं ते कोण बघतो? मंडळाला माझं हेच पत्र दाखव आणि म्हणावं, कोंडीराम तावडे सांगतो, दौलत हिरा होता. राधावहिनींना नमस्कार.

तुझा,
कोंडीरामकाका

०००

कणकवली,
५ एप्रिल १९६०

ती. काकांना नमस्कार.

पत्र मंडळाला दाखवले नाही. रागावू नका. तुम्ही लग्नाचे लिहिलेत, ढालीचे लिहिलेत, आमटीचेसुद्धा लिहिलेत. हवालदाराने बाबांना मिठी मारली की नाही, एवढे मात्र लिहिले नाहीत. मी मास्तरीण आहे काका. ज्याला उत्तर येत नाही ते पोर आजूबाजूचे भरपूर लिहिते, ही खूण मला रोज वह्या तपासताना दिसते.

ऐकण्यात गफलत नाही. बाबा ते एकदा नव्हे, कितीदा तरी बोलले. आणि आता आईने आणखी घोळ करून ठेवला आहे. काल चुलीपुढे बसून मला म्हणाली, "उगाच उकरू नको गो." मी हट्टाला पेटले तेव्हा सांगितले, की बाबा मुंबईहून कायमचे आले त्या आठवड्यात तिच्यापाशी बोलले होते, "एका पोलिसाचे माझ्यावर उपकार हत." कसले उपकार, विचारले तर उठून नदीवर गेले. तिने चार वर्षे हे कुणाला सांगितले नाही. याचा अर्थ काय ते तिलाही समजलेले नाही आणि समजून घ्यायची भीती वाटते.

मला काहीच सुचेनासे झाले आहे. ज्या माणसाने गल्लीतल्या लगोरीतही कधी लबाडी चालू दिली नाही, तोच माणूस लोकांवर काठ्या पडत असताना पोलिसांच्या उपकाराने घरी आला? दंगल जानेवारीत, आणि बाबा फेब्रुवारीत नोकरी सोडून आले. छातीचे दुखणे म्हणाले होते. दुखणे खरेच होते, त्यानेच गेले. पण तेव्हाच का आले? सकाळी वाटते, पेडणेकर खोटे. शाळेतून परतताना वाटते, नाही, खरेच असावे. मुली पटांगणावर हाका मारतात, तर मला तिकडे बघवत नाही.

पाटीचे राहू द्या. नाही लागली तर नाही लागली. पण माझे वडील कोण होते हे मला कळले पाहिजे, आणि गावाने मला सांगायच्या आधी कळले पाहिजे. जे पाहिलेत ते जसेच्या तसे लिहा. वाईट असले तरी लिहा.

बकुळा

०००

लालबाग, मुंबई
१४ एप्रिल १९६०

चि. बकुळास आशीर्वाद.

मास्तरीणबाई, पकडलंस. मिठी मारली. मी पाहिली.

त्यावर काय लिहावं ते मला कळत नव्हतं, अजून पुरतं कळत नाही. मी गर्दीच्या मागच्या टोकाला होतो. पुढे डोकीच डोकी. दौलत ट्रामचा रूळ ओलांडून पलीकडे गेलेला दिसला. पोलिसांची रांग मागे सरकली, का सरकली ते समजलं नाही. मग माणसं मध्ये आली. पुन्हा दिसलं तेव्हा एका उंच हवालदाराने दौलतला दोन्ही हातांनी कवटाळलं होतं. मग तो रुळाच्या अलीकडे होता आणि आम्ही सगळे पळत होतो. खोलीवर मी विचारलं, "काय रे ते?" तो भिंतीकडे तोंड करून निजला. पुढे विचारायचं राहूनच गेलं.

तुझं पत्र आल्यापासून चाळीत ज्याला त्याला विचारत सुटलोय. तळमजल्यावरचा रामजी म्हणतो, दौलतने पैज लावली होती. त्याचा भाऊ म्हणतो, दौलत दुसऱ्या दिवशी गेला, त्या दिवशी नाहीच. पानवाला शपथेवर सांगतो की दौलत वेड लागल्यासारखा बडबडत होता. सुंदराबाईचं तर विचारू नकोस. म्हणाली, "मेल्या, तो माझ्यासाठी आला होता! मी जेवणाची टोपली घेऊन पोलिसांच्या बाजूला दुकानाच्या फळीखाली अडकले होते." मी काही विश्वास ठेवला नाही. सुंदराबाईच्या मते मुंबईत जे होतं ते तिच्यासाठीच होतं. दर माणसागणिक एक दौलत निघाला आणि मी पहिल्यापेक्षा जास्त गोंधळलो.

मग मला दादरचा सामना आठवला. आपला आपण बाहेर जाऊन बसणारा तो उंच गडी. अंगाने अगदी तसाच! नायगावचा भिवा कांबळे बऱ्याच सामन्यांना पंच असतो, त्याला गाठलं. त्याने वर्णन ऐकल्याबरोबर सांगितलं, हा कुशाबा निकम, साताऱ्याकडचा. आज भीमजयंती, भिवाच्या चाळीत सकाळपासून ढोल आणि लेझीम, पाय ठेवायला जागा नाही. तरी तो गडी गुलाल पुसत माझ्याबरोबर पोलीस लाइनीत आला.

कुशाबा भेटला. दौलत गेल्याचं त्याला माहीत नव्हतं. एवढा धिप्पाड माणूस, पण ऐकलं आणि दारातच खाली बसला. मग त्याने सगळं सांगितलं. ते मी लिहिणार नाही. मी लिहिलं तर मंडळ म्हणेल, मित्राने रचलं. त्याने स्वतः लिहायचं कबूल केलं आहे. एवढंच सांगतो पोरी, मुलींच्या हाकांना ओ दे.

कोंडीरामकाका

०००

नायगाव, मुंबई
१९ एप्रिल १९६०

सौभाग्यवती राधाबाई लाड असं लिहिणार होतो, पण हात थांबला. म्हणून पत्र त्यांच्या मुलीला, बकुळाबाईंना. कुशाबा निकम याचा नमस्कार.

मी शिपाई माणूस, जसं घडलं तसं लिहितो.

त्या दिवशी आम्ही रस्त्याच्या एका बाजूला रांग धरून उभे होतो. समोर लोक. मध्ये ट्रामचे रूळ, ट्राम बंद. मीही मराठीच आहे बाई, घोषणा काय चालल्या होत्या त्या मला कळत होत्या आणि मनात काय होतं ते सांगायची सोय नव्हती. हुकूम यायचा होता. आला की काठ्या घेऊन पुढं जायचं.

तेवढ्यात गर्दीतून एक जण पुढं आला. वाकून रुळाला हात लावला, तो हात कपाळाला लावला, आणि हुतूतू घुमवत आमच्या बाजूला शिरला. दोन्हीकडचे लोक बघत राहिले. मी आवाजावरून ओळखलं, हे दादरच्या सामन्यातले लाड. असा दम मी दुसऱ्या कुणाचा ऐकला नाही.

चढाई आली की मागं सरायचं, हे पायांना कुणी सांगावं लागत नाही. मी सरलो. आमच्या रांगेतली निम्मी पोरं खेळणारी, तीही सरली, आणि ती सरली म्हणून बाकीचे सरले. तेवढ्यात मागच्या दुकानाच्या फळीखालून एक बाई डोक्यावर टोपली घेऊन निघाली आणि पलीकडं पळाली. लाड तिच्यासाठी आले होते की आणखी कशासाठी, ते मला ठाऊक नाही. विचारायला मिळालं नाही. त्यांनी उजवीकडं हूल दिली आणि माझ्या खांद्याला हात लावला.

बाई, लागलेल्या गड्यानं आपला आपण हात वर करून बाहेर जायचं, ही माझ्या वस्तादाची शिकवण. मी हात वर केला, काठी काखेत मारली आणि रांग सोडून फुटपाथवर जाऊन उभा राहिलो. तिथं उभं राहिल्यावर समजलं की मी काय करून बसलो. नंतर साहेबांनी विचारलं, रांग का सोडलीस? मी सांगितलं, पोटात कळ आली. दुसरं काय सांगणार?

लाड मला हात लावला तसे तोंड फिरवून परत निघाले होते. रुळापाशी पोचतच होते, तर विटेच्या तुकड्यावर पाय पडला आणि कोलमडले. आमच्यातल्या एका नव्या पोरानं घाबरून काठी उचलली. मी फुटपाथवरून धावलो आणि मागून त्यांना कवेत घेतलं. काठी माझ्या पाठीवर बसली. लोकांनी पाहिली ती मिठी हीच.

मी धरलं तेव्हा त्यांचा दम चालू होता. माझी छाती त्यांच्या पाठीला होती, आत घुमत होतं ते मला लागत होतं. माझ्या हातांच्या आवळण्यानं तो तुटला. मग खोकला आला, फार वाईट खोकला. मी त्यांना उचलून रुळापलीकडं ठेवलं. ते म्हणाले, "हवालदार, मी बाद." मी म्हणालो, "घरी जा." एवढंच आमचं बोलणं. ते घरी जाऊन पुन्हा खेळलेच नाहीत, हे मला तावड्यांकडून कळलं.

त्या माणसानं पोलिसाला कधी काही सांगितलं असेल, तर ते हे एवढंच. हे पत्र कुणालाही दाखवा. माझं काय व्हायचं ते होऊ दे.

आपला,
कुशाबा निकम

०००

कणकवली,
३ मे १९६०

श्री. कुशाबा निकम यांना बकुळा लाडचा साष्टांग नमस्कार.

हे पत्र कोंडीरामकाकांनाही वाचून दाखवा, म्हणजे मला पुन्हा लिहावे लागणार नाही.

तुमचे पत्र मी आधी आईला वाचून दाखवले. मग तीस तारखेला मंडळाच्या सभेत. बाकीच्या मंडळींचे डोळे भरून आले, पेडणेकर मात्र हाताची घडी घालून बसले होते. वाचून झाले तसे म्हणाले, "ता फुटपाथाचा परत वाच." मला वाटले, आता हे नवे काहीतरी खुसपट काढणार. मी वाचले. "हवालदार फुटपाथावर गेल्यार लाडान रूळ ओलांडलेलो?" मी म्हणाले, नाही, बाबा अजून आतच होते. "आणि हवालदारान फुटपाथावरसून येवन धरल्यान?" मी हो म्हणाले.

पेडणेकर उभे राहिले. चेहरा लाल झाला होता. म्हणाले, "म्हणजे रेघेभायर गेलेल्या गड्यान धरल्यान. ता धरणा न्हय. माझ्या झिलाक लावलो तोच नियम दौलताक लागतलो. दौलत बाद नाय." आणि खाली बसून पंच्याने तोंड पुसू लागले. भाच्याचे डोके फुटल्याचे दुःख त्यांना आहेच, ते मलाही आता समजते.

हा नियम बाबांनीच आम्हाला शिकवला होता. मग त्यांना स्वतःला कसा कळला नाही? रात्रभर हेच डोक्यात घोळत होते. पहाटे पत्र पुन्हा काढले आणि तुमचा तोंड फिरवल्याचा शब्द दिसला. तुम्ही हात वर करून फुटपाथवर गेलात तेव्हा बाबांची तुमच्याकडे पाठ होती. त्यांना वाटले, तुम्ही रांगेतच आहात आणि तुम्ही नियमाने पकडलेत. वरून तुम्ही सोडून दिलेत, म्हणून उपकार. स्वतःला बाद समजून ते बाहेर बसले, आणि बाहेर बसून चार वर्षे दुसऱ्यांना न्याय देत राहिले. त्यांना हे सांगणारे कुणी नव्हते आणि ते कुणाला विचारणारे नव्हते. याचा मला फार राग येतो, आणि कुणावर काढावा ते कळत नाही.

परवा पाटी लागली. नारळ पेडणेकरांनी फोडला. पुढच्या शिमग्याच्या सामन्याला पंच म्हणून तुम्ही आलेच पाहिजे, असे मंडळाने ठरवले आहे. घरी उतरा. कोंडीरामकाकांनाही आणा, आणि सुंदराबाईंना माझा नमस्कार सांगा. त्या खरे बोलत होत्या.

आईला मी नियम तीनदा समजावला. चुलीपुढे खडूने रेघ ओढून दाखवली, तुम्ही कुठे, बाबा कुठे. तिने नीट बघितले आणि विचारले, "म्हणजे ते खेळूक शकले असते?"

मी हो म्हणाले. मग आम्ही दोघी त्या रेघेशी बसून पोटभर रडलो.

आपली,
बकुळा